बटव्यातले आणि बटव्याबाहेरचे



आपण सर्वजण आत्ताच बाहेर मंडपात कैरीचे पन्हे घेऊन येथे बसला आहात. माझ्या आजच्या विषयाची सुरुवात त्या पेल्यापासूनच करावी असे मला वाटते. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा, एवढाच त्याचा संसार. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ते कोणी सुरू केले हे सांगणे कठीण; परंतु ऊन तापू लागले म्हणजे अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे जाते व ते परत द्यावे लागते, हे त्या सुगरणीला कळले होते यात शंका नाही. वयस्कर माणसाच्या दृष्टीने तर या पेल्याचे महत्त्व फारच मोठे आहे. साठी-सत्तरीनंतर शरीरातली तहानेची जाणीव बोथट होते. पाणी कमी पडते आहे, पण घसा काही बोलत नाही. मग दुपारी घेरी येते, लघवी गडद होते, पोट साफ होत नाही, संध्याकाळी आजोबा असंबद्ध बोलू लागतात आणि घरची मंडळी म्हणतात, "वय झालं." वय झालेले असतेच, पण पुष्कळदा त्या दिवशी जे झालेले असते ते वय नसून केवळ पाण्याची टंचाई असते!

म्हणून उतारवयातला पहिला घरगुती उपाय कोणता असे मला कोणी विचारले, तर मी काढ्याचे नाव घेत नाही. तांब्या-भांडे हाताशी ठेवा आणि तहान लागण्याची वाट न पाहता प्या, असे सांगतो. जुलाब झाले असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. हे दिसायला सरबत आहे, पण त्याची योग्यता सलाइनच्या बाटलीजवळ जाते. १९७१ साली बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे पाणी संपले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजवले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांनी जगात किती जीव वाचवले याचा हिशेब मांडणे कठीण आहे. मात्र ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी व मीठ मोजून दिले आहे, त्यांनी माझे हे बोलणे ऐकून तांब्या तोंडाला लावू नये. हा अपवाद मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो. आज मी जे जे सांगणार आहे, त्याच्या मागोमाग असा एखादा अपवाद येणारच आहे, आणि खरे सांगायचे तर आजचा माझा विषय म्हणजे ते अपवादच.

मी चाळीस वर्षे खेड्यात डॉक्टरी केली. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाले आहे. येताना मी घरून एक वस्तू आणली आहे. हा पाहा, माझ्या आईचा बटवा. खणाच्या कापडाचा, चार कप्प्यांचा; नाडी मात्र दोनदा बदलली आहे. यात ओवा, हिंग, सुंठ, वेखंड, जायफळ, मायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडे, डिकेमाली आणि ज्येष्ठमधाच्या कांड्या असत. ही यादी जरा लक्षपूर्वक ऐका. यातल्या निम्म्याहून अधिक वस्तू बाळाच्या गुटीच्या आहेत! जंत, मुरडा, दात येणे, पोटदुखी, बाळंतिणीचा वात. आपण ज्याला आजीबाईचा बटवा म्हणतो तो आजीचा खरा. पण तो आजीसाठी शिवलेला नव्हता, नातवासाठी शिवलेला होता.

याचे कारणही उघड आहे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या मुलाची सरासरी आयुर्मर्यादा सुमारे बत्तीस वर्षे होती. म्हातारी माणसे तेव्हाही होती, परंतु थोडी. आणि मुख्य लढाई पाळण्याशेजारी होती. आज ती मर्यादा सत्तरीला टेकली आहे. घरोघरी ऐंशीच्या पुढची माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या उशाशी रक्तदाबाची, मधुमेहाची, रक्त पातळ करण्याची अशी चार-पाच गोळ्यांची पाकिटे आहेत. बटवा मात्र तोच आहे. तान्ह्या मुलाच्या कोठ्यासाठी निवडलेली मुळी आता पाच गोळ्या रिचवणाऱ्या सत्तर वर्षांच्या मूत्रपिंडावर येऊन पडते, ही गोष्ट आपण विचारात घेतलेलीच नाही.

आता एकेक तक्रार घेऊ. पोटापासून प्रारंभ करणे बरे, कारण उतारवयात चार माणसे एकत्र जमली म्हणजे राजकारण संपल्यावर गाडी तेथेच येते. (हशा) बद्धकोष्ठाला इसबगोलाइतका निरुपद्रवी आणि गुणकारी इलाज दुसरा क्वचितच असेल. इसबगोल हे नाव फारसी आहे. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून ते पडले असे सांगतात. पीक उत्तर गुजरातेत येते आणि त्याची मोठी बाजारपेठ उंझ्याला आहे. हा भुसा पाणी शोषून फुगतो व मळाला मऊपणा आणतो. म्हणजे त्याचे सारे सामर्थ्य पाण्यात आहे. दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. काहीजण तो कोरडाच तोंडात टाकतात किंवा घोटभर पाण्यावर भागवतात, आणि मग तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसतो. ज्यांना मुळातच गिळताना अडकल्यासारखे होते त्यांनी तो घेऊच नये. दुसरे असे की, इसबगोल इतर औषधांनाही धरून ठेवतो. म्हणून गोळ्या आणि इसबगोल यांत दोनएक तासांचे अंतर असावे. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी आणि पाठोपाठ इसबगोल असा क्रम ठेवणाऱ्या एका शिक्षिकाबाईंची गोळी मी दोनदा वाढवली होती. पुढे केव्हातरी त्यांनी सहज बोलता बोलता इसबगोलाचा उल्लेख केला. वेळ बदलली आणि जुनी मात्रा पुरी पडू लागली.

त्रिफळा, म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा, रात्री कोमट पाण्याबरोबर पुष्कळांना मानवतो. एरंडेल कधीमधी ठीक; रोजची सवय लागली की आतडे आळशी होते. पण पन्नाशी-साठीनंतर ज्याची शौचाची वर्षानुवर्षांची सवय एकाएकी बदलली, मळात रक्त दिसले किंवा वजन उतरू लागले, त्याने त्रिफळा घेऊन महिनाभर वाट पाहू नये. तेथे तपासणीच हवी.

खोकल्याकडे वळू. अडुळसा ही आपल्या परसातली वनस्पती. तिच्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध पुढे प्रयोगशाळेत तयार झाले. तेव्हा अडुळशाचा काढा पिणाऱ्या आजीला हसणाऱ्या डॉक्टराने आपल्या लेखणीतून कागदावर काय उतरते आहे तेही पाहावे. आल्याचा रस आणि मध, गरम पाण्याची वाफ, मिठाच्या गुळण्या, सारे उत्तम. मधुमेह्यांनी मध म्हणजे साखर नव्हे अशी समजूत करून घेऊ नये, आणि दोन आठवड्यांच्या पुढे खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोग म्हाताऱ्यांना वगळत नाही.

ज्येष्ठमधाची मात्र एक हकीकत सांगतो. आमच्या पंचक्रोशीत एक कीर्तनकार बुवा होते. आवाज राखण्यासाठी ज्येष्ठमधाची कांडी सदैव त्यांच्या गालात असे. तंबाखू नाही, सुपारी नाही, एवढे एकच व्यसन आणि तेही सात्त्विक. त्यांचा रक्तदाब काही केल्या उतरेना. मी एक गोळी दिली, दोन दिल्या, तीन दिल्या. पायांत गोळे येऊ लागले, जिना चढवेना. रक्त तपासले तर त्यातले पोटॅशियम फार खाली गेलेले. तोपर्यंत मला ज्येष्ठमधाचे नावही सुचले नव्हते, कारण मी विचारले नव्हते आणि बुवांच्या लेखी ते औषध नव्हतेच, "ते तर झाडाचं मूळ, डॉक्टर!" ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे द्रव्य शरीरात मीठ व पाणी साठवते आणि पोटॅशियम बाहेर घालवते. रक्तदाबाचा रोगी, त्यातून लघवीच्या गोळ्या घेणारा, त्याने ते रोज चघळणे म्हणजे विषाची परीक्षा होय. कांडी सुटली आणि काही आठवड्यांत दाब खाली आला. घसा बसला असता दोन-चार दिवस एखादी कांडी चघळण्यास निरोगी माणसाला हरकत नाही. घोटाळा होतो तो 'रोज' या शब्दाने.

झाडाचे मूळ म्हणून निर्धोक, ही समजूत आपल्यात फार खोल रुजली आहे. २०२० साली करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघर सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे पडताळलेले नाही असे त्यांचे म्हणणे होते. मी त्या वादात पडत नाही. परंतु शेजाऱ्याच्या कुंपणावरून तोडलेल्या वेलीबद्दल वैद्यालाही शंका येऊ शकते, तर तुम्ही-आम्ही ती महिनोन्महिने कोणत्या भरवशावर प्यावी? बाजारातल्या पुड्यांचे तर विचारूच नका. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक औषधांपैकी चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. आणि सांधेदुखीची जी बिननावाची पूड दोन दिवसांत चमत्कार करते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि पूड बंद करताच माणूस कोसळतो. चमत्कार दिसला की सावध व्हावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी डॉक्टरांची वकिली करतो आहे असे वाटेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. जे ज्ञान आपल्या आजीच्या बोटांवर पिवळे होऊन बसले होते, त्यासाठी कागदोपत्री पुरावा द्यावा लागला! दाताला लवंगेचे तेल लावण्याची रीतही अशीच. त्यातील युजेनॉल दंतवैद्य आपल्या मसाल्यात वापरीत आले आहेत. ज्ञान खरे आहे. प्रश्न आहे तो कोणाला, किती आणि कशाबरोबर, एवढाच.

गुडघ्यांविषयी थोडे अधिक बोलावयास हवे, कारण सभागृहात मी आत येताना ज्यांनी उठून नमस्कार केला त्यांच्या गुडघ्यांचे आवाज मला व्यासपीठावर ऐकू आले. तिळाचे किंवा नारायण तेल कोमट करून चोळावे, निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्यावा. आराम पडतो हे खरे. तेल हाडापर्यंत झिरपते ही समजूत मात्र सोडून द्यावी. आराम देते ती ऊब, आणि त्याहूनही अधिक तो चोळणारा हात. माझ्याकडे एक आजोबा येत. गुडघ्यात फारसे काही नव्हते. पत्नी गेल्यापासून दुखणे वाढले होते. तेलाची बाटली तीच होती, चोळणारी नव्हती. यावर मी कोणते औषध लिहून देणार? त्यांच्या सुनेला सांगितले, नातवाला रोज संध्याकाळी दहा मिनिटे आजोबांच्या पायाशी बसव. तो इलाज लागू पडला.

याखेरीज एक व्यायाम. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत धरावा, सोडावा. असे दोन्ही पायांनी दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. याला पैसा लागत नाही, म्हणून की काय, फारसे कोणी करीत नाही. आणि मधुमेह्यांना हात जोडून विनंती: पाय गार पडले म्हणून शेगडीशी धरू नका, गरम पाण्याची पिशवी तळव्याशी घेऊन झोपू नका. त्या पायांची संवेदना गेलेली असते. भाजलेले कळतच नाही. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, हाताच्या कोपराने पाहावे. अशा शेकाने गेलेली बोटे मी पाहिली आहेत.

झोपेसाठी दुधात जायफळ उगाळून घेण्याची चाल आहे. सहाणेवर चार वेढे, त्याहून अधिक नाही. अख्ख्या जायफळाएवढी मात्रा गेली तर छातीत धडधड होते, भ्रम होतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली आणि चारनंतरचा चहा सोडला तर जायफळाची गरजही बहुधा उरत नाही. रात्री लघवीला उठताना आधी काठावर बसावे, मग उभे राहावे, आणि मोरीपर्यंत दिवा असावा. डोळ्यांत मध किंवा कसलाही रस घालू नये. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही.

आता बटव्यातल्या ओव्याकडे येतो. तो मी शेवटी ठेवला, कारण तेथे माझा आवाज नेहमी थोडा अडखळतो.

१९६९ सालची गोष्ट. मी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. वडील अठ्ठावन्न वर्षांचे. रात्री जेवणानंतर त्यांच्या छातीत जड वाटू लागले, ढेकर येईनात, घाम सुटला. आईने बटवा काढला. ओवा आणि सैंधव चावून खायला दिले, पोटावर हिंगाचा लेप लावला, तव्यावर फडके तापवून शेकले. वडील म्हणाले, "जरा बरं वाटतंय." तालुक्याचे डॉक्टर सहा मैलांवर, बैलगाडी जुंपावी की नाही यावर शेजाऱ्यांचा विचारविनिमय झाला आणि "गॅस आहे, सकाळी पाहू" असे ठरले. पहाटे चारला ते गेले. मला तार मिळाली ती दुपारी.

त्या काळी त्यांना नेले असते तरी फार काही करता आले असते असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. आईला मी हे पुष्कळदा सांगितले. ती ऐकून घेई. पण त्यानंतरची बावीस वर्षे तिने कोणालाही ओवा दिला नाही. नातवंडांचे पोट दुखले तर बटवा माझ्या पत्नीकडे सरकवी आणि म्हणे, "तू दे, आणि आधी त्याला विचार."

ओवा पोटाच्या वायूवर खरोखरच चांगला आहे. म्हणूनच तो घातक ठरतो. त्याच्यावर आपला विश्वास असतो. चाळिशीनंतर छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब आला, तो जबड्याकडे, खांद्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेला, घाम सुटला, दम लागला, की तो वायू नाही असे डॉक्टरने ठरवावे, घरच्यांनी नव्हे. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत तर पुष्कळदा दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळते, कमालीचा थकवा येतो. आज बैलगाडी जुंपायची नाही. १०८ हा आकडा फिरवायचा आहे. हृदयाच्या आलेखाला काही मिनिटे लागतात, आणि रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले तर घरी येऊन खुशाल ओवा खा. डॉक्टर हसतील, शेजारी हसतील. हसू द्या.

या सगळ्यात आम्हा डॉक्टरांचाही अपराध आहे आणि तो मी येथे कबूल करतो. रोगी काढ्याचे नाव काढतो आणि आम्ही तोंड वाकडे करतो. पुढच्या खेपेला तो काढा सोडत नाही, सांगणे सोडतो. कारल्याचा रस आणि भिजवलेल्या मेथ्या घेऊन वर मधुमेहाची पुरी गोळी घेणारे गृहस्थ साखर उतरून माझ्या दवाखान्याच्या पायरीवर घेरी येऊन पडले, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते तुम्हाला सांगू नका म्हणाले होते, तुम्ही रागावता म्हणून." तेव्हापासून मी माझ्या टेबलावर एक पाटी ठेवली होती: 'घरी काय घेता तेही सांगा.' तुम्हीही एका कागदावर दोन रकाने करा. एकीकडे डॉक्टरांच्या गोळ्या, दुसरीकडे काढे, चूर्णे, रस, तेले, शेजारणीने दिलेली पुडी. हा कागद पाकिटात असू द्या आणि डॉक्टर असो वा वैद्य, आधी तो पुढे करा.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते मी पाहिले. हा बटवा मी येथे टेबलावर ठेवतो. ज्या भगिनींना मुरुडशेंग आणि डिकेमाली ओळखता येत नाही त्यांनी व्याख्यानानंतर अवश्य हाताळून पाहावी. वेखंड चाखू नये. बाहेर पन्ह्याचे दुसरे पिंप आले आहे असे चालक सांगतात, आणि मधुमेह्यांसाठी बिनगुळाचे वेगळे केले आहे. त्या पिंपावर खडूने खूण केली आहे.